न तपासलेलं द्रावण

३ मार्च, सोमवार

साखरेचा डबा रिकामा! सकाळी चहाला चमचाभर साखर मिळेना. ओट्यावर काचेचा पेला, त्यात पांढरा चिखल, वर बशी झाकलेली. हात लावणार तेवढ्यात ही आतून ओरडली — "अहो, तो प्रयोग आहे!"

शंभर मिली पाण्यात दोनशे ग्रॅम साखर घातली म्हणे. मी म्हटलं, पाण्याच्या दुप्पट साखर? निम्मी तळाला बसेल आणि मग जाईल मोरीत. "थांबा नि बघा," म्हणाली. संध्याकाळी कॉलेजातून आलो तर पेल्यात काहीच नाही! म्हणजे आहे, पण दिसत नाही. घट्ट, स्वच्छ, आरपार. दोनशे ग्रॅम साखर एका पेल्यात गुडूप.

बावीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत द्रावणं करून पोट भरतोय, पण हे कधी करून पाहिलं नव्हतं. आम्ही पडलो लिटरला पाच-सहा ग्रॅमवाले. दोनशे ग्रॅम विरघळवायला सांगितलं असतं तर मॅडमचं डोकं फिरलंय असं समजलो असतो.

संध्याकाळच्या चहात त्याच पेल्यातले दोन चमचे घातले. काही वाया गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

पैज हरलो! गरम पाण्यात मीठ जास्त विरघळणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची.

शंभर मिली गार पाण्यात छत्तीस ग्रॅम मीठ गेलं, पुढचं तळाशी बसलं. कितीही ढवळा, हलेना. मी म्हटलं, आता तापव आणि गंमत बघ. उकळी येईपर्यंत तापवलं. जेमतेम तीन ग्रॅम आणखी! हिने पुस्तक आणून आलेख नाकासमोर धरला. बाकीच्यांच्या रेघा तापमानासोबत वर चढत गेलेल्या, मिठाची आपली आडवी पडलेली, जणू दुपारची झोप काढतेय.

"साखरेचा स्वभाव वेगळा, मिठाचा वेगळा. सगळ्यांना एकाच मापाने कसं मोजता?" म्हणाली.

लेकीचा फोन आला — नोकरीच्या गावाहून. "बाबा भांडी घासतायत? आई, फोटो पाठव! खोटं वाटतंय मला!"

७ मार्च, शुक्रवार

भांडी, दिवस दुसरा. कढईला लागलेलं निघता निघेना. सगळं पाण्यात विरघळत नाही, हे आज बोटांना कळलं.

९ मार्च, रविवार

सुट्टी. हिचा सराव. कॉलेजातून टाकून दिलेली एक ब्युरेट, थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, आणली होती, वरून टवका उडालेली. खुर्चीच्या पाठीला बांधली. लिंबाचा रस, धुण्याचा सोडा, सगळं स्वयंपाकघर म्हणजे रसायनशाळा.

मध्येच मला विचारते, "बावीस वर्षं ढवळताय. मीठ पाण्यात का विरघळतं, सांगा बघू?"

मी म्हटलं, ढवळतो म्हणून!

"ढवळून लवकर विरघळतं. विरघळतं का?"

मला काय माहीत! मी दहावी. ही दोन वर्षं सायन्स कॉलेज करून आलेली, पुढे लग्न झालं, लेक झाली, आणि पुस्तकं माळ्यावर गेली. मग तीच सांगायला बसली. पाण्याच्या प्रत्येक कणाला म्हणे दोन टोकं, दोन्हींची ओढ वेगवेगळी. मिठाच्या खड्याला ते सगळीकडून झोंबतात, त्यातला एकेक कण सुटा करून ओढून काढतात. मग चौफेर घेरून उभे राहतात, परत आपल्या माणसांत जाऊच देत नाहीत.

"म्हणजे सासर!" मी म्हटलं.

पुस्तक फेकून मारलं. पाठीत लागलं. पण हसत होती.

सेहेचाळिसाव्या वर्षी डिग्रीला बसलीय, बाहेरून. थिअरीचे सगळे पेपर मागच्याच वर्षी सुटले, तेही चांगल्या मार्कांनी. अडलंय ते एका प्रॅक्टिकलवर. मागच्या वर्षी भीतीने हात कापला. ब्युरेटची तोटी जरा जास्त फिरली, धारच सुटली आणि फिकट गुलाबी व्हायच्या जागी भडक लाल. वाचन आलं अकरा पूर्णांक सहा मिली. उत्तर होतं दहा.

आता खरी गोष्ट अशी की परीक्षेला दहाचंच द्रावण असतं, हे आमच्या घरात भिंतींनासुद्धा ठाऊक आहे. सरावाला मॅडम कधी आठाचं देतात, कधी बाराचं, पोरांना अंदाज येऊ नये म्हणून. परीक्षेला मात्र गेली बावीस वर्षं लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल. त्याचं दहा मिली घेतलं की समोरून कॉस्टिक सोड्याचं द्रावणही बरोबर दहाच मिली लागतं. दर मार्चात मी घरी येऊन त्या वजनाबद्दल बडबडतो. तरी हिने अकरा पूर्णांक सहाच लिहिलं! मी विचारलं होतं, तुला दहा माहीत होतं ना? तर म्हणे, "माहीत होतं. आलं ते लिहिलं." आणि नापास.

राग आला होता. अभिमानही वाटला होता. राग बोलून दाखवला, अभिमान गिळला. असो.

यंदा हात बसलाय. आज वीस वेळा केलं, अठरा वेळा तंतोतंत जुळलं. दोनदा नाही जुळलं तर लगेच चेहरा उतरला. मी आपलं दर वर्षी पोरांना सांगतो ते सांगितलं — हात चुकतो, द्रावण चुकत नाही. वाचन विचित्र आलं तर आपला हात तपासायचा.

१२ मार्च, बुधवार

आज मॅडमकडे गेलो. म्हटलं, घरचं माणूस परीक्षेला आहे, हिला आकडा माहीत आहे. वजन बदला, नाहीतर द्रावण दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

मॅडम आमच्या विभागप्रमुख. अकरा वर्षं झाली येऊन. चष्मा कपाळावर सरकवून हसल्या. "काका, आकडा माहीत असून चुकीचं लिहून नापास होणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिच्यापासून काय लपवायचं? द्रावण तुम्हीच करा. परीक्षेच्या दिवशी फक्त इकडे फिरकू नका. आणि गुण जाईपर्यंत घरी ह्या विषयावर अवाक्षर नाही."

कबूल म्हटलं. घरी येऊन हिला सांगितलं. तिनेही मान डोलावली. तोंडावर बोट.

वाटेत मूठभर मांस चढलं होतं अंगावर, खोटं कशाला बोलू. बाकी सगळी द्रावणं इथे मास्तरलोक तपासून घेतात. माझं नाही. मॅडमनी आल्या वर्षी एकदा तपासलं होतं, पुन्हा कधी नाही. "काकांचं द्रावण तपासायचं नसतं" — नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात.

१४ मार्च, शुक्रवार

परीक्षेचं द्रावण केलं. पाच लिटर. साडेएकतीस ग्रॅम. जुनी बाटली संपली, नवी फोडली. माल यंदा छान आलाय, अगदी पिठासारखा बारीक! दर वर्षी खडे असतात, पाणी कोमट करा, दहा मिनिटं ढवळत बसा, तळाशी दोन-चार हट्टी उरतातच. आज दोन मिनिटांत सगळं साफ. बारीक असेल तेवढं लवकर — हे तर मलाही माहीत आहे, त्याला पुस्तक नको.

मग गार होऊ दिलं. खुणेच्या रेघेपर्यंत पाणी, शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळा रेघेच्या समोर आणून. बाटलीवर कागद चिकटवला — "अज्ञात आम्ल". मॅडमनी पाकिटात दहाचा आकडा लिहून पाकीट बंद केलं, सही केली. नेहमीप्रमाणे.

शिट्टी वाजवत घरी आलो. भांड्यांचा आठवडाही संपला!

१६ मार्च, रविवार

ही ताकास तूर लागू देत नाहीये. घाबरलीय. मी पण.

१७ मार्च, सोमवार

परीक्षा. मला मॅडमनी ग्रंथालयात बसवलं, जुनी मासिकं लावायला. तीन तासांत एक मासिक तीनदा लावलं.

सकाळी ही निघाली तेव्हा पांढरा कोट हातावर. माझाच, आखूड करून दिलेला. पायऱ्या उतरताना वळून म्हणाली, "काही नाही हो, दहा मिली पाणी तर आहे!" सरावाच्या वेळचं तिचं नेहमीचं वाक्य, पण आवाज तिचा नव्हता.

संध्याकाळी विचारायचं नाही असं ठरलं होतं. विचारलं नाही. फक्त हात कापला का, एवढंच विचारलं.

"नाही. अजिबात नाही," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तीनदा केलं मी." बस्स, पुढे काही नाही. जेवली बरी. म्हणजे झालं असणार चांगलं. हात कापला नाही म्हणजे सगळं आलं!

१८ मार्च, मंगळवार

हे कसं लिहू.

दुपारी बाटल्या आवरत होतो. नवी आम्लाची बाटली फडक्याने पुसताना लेबल वाचलं. नेहमीचंच लेबल, नेहमीचंच लाल झाकण. नावाखाली बारीक अक्षरात एक शब्द जास्त होता — निर्जल.

पाचावर धारण बसली.

आमच्या नेहमीच्या आम्लाच्या खड्यात पाणी दडलेलं असतं. हाताला कोरडा ठणठणीत लागतो, पण शंभर ग्रॅम तोलले तर त्यात अठ्ठावीस-एकोणतीस ग्रॅम नुसतं पाणी! आमचं सहा पूर्णांक तीन हे वजन ते पाणी धरून काढलेलं आहे. ह्या नव्या मालातलं ते पाणी आधीच काढून टाकलंय. म्हणून पिठासारखं. मी तेवढंच तोललं, म्हणजे पाण्याच्या जागीही आम्लच टाकलं. कागद घेतला, दोनदा हिशोब केला. दहाचं नाही, चौदाचं द्रावण झालं.

चौदा! आणि पाकिटात दहा.

सगळी वीस पोरं चुकीची ठरणार. आणि त्यांत ही. हात न कापता, तीनदा करून, बरोबर चौदा काढून — नापास. माझ्यामुळे. वाचनालयात मासिकं लावत बसलो होतो मी!

१९ मार्च, बुधवार

काही सांगितलं नाही कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षांचं नाव आहे. आणि आता बोललो तर लोक म्हणतील, बायको चुकली म्हणून ह्याला आत्ता चूक आठवली. म्हणतीलच. मी असतो तर मीही म्हटलं असतं.

ही विचारते, तोंड का पाडलंय? म्हटलं, दाढ दुखतेय. लवंग आणून दिली. चावत बसलो.

गुण शुक्रवारी जायचे आहेत.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं!

मॅडम आल्या आल्या गेलो, बाटली टेबलावर ठेवली, शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, न वाचता तोललं. चूक माझी. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पोरांचं नको.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढून लेबल वाचलं. मग उठल्या, "पिपेट घ्या" म्हणाल्या. उरलेलं द्रावण कपाटात होतं. दोघांनी मिळून केलं. दहापर्यंत कॉस्टिक गेलं तरी फ्लास्क बिनरंगाचाच. अकरा, बारा. मॅडम थेंब थेंब सोडत होत्या, मी फ्लास्क हलवत होतो. चौदाला एक गुलाबी झाक आली आणि राहिली.

"घरच्यांना किती आलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"विचारलं नाही, मॅडम. ठरलं होतं ना."

मॅडमनी ब्युरेट रिकामी केली. मग म्हणाल्या, "तपासायला मीही होते, काका. पाकिटावर सही माझी आहे." एवढं म्हणाल्या आणि बाहेरच्या परीक्षकांना फोन लावला.

फोनवरचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू येत होता. ते तर भडकलेलेच होते! वीसपैकी एकोणीस जणांनी चौदाच्या आसपास लिहिलंय, म्हणजे नक्की एकमेकांचं बघून, सामूहिक कॉपी, उद्या तक्रार करणार होते! मॅडमनी सगळं नीट समजावलं. मग हसण्याचा आवाज. "तरी म्हटलं, एवढी पोरं एकसारखी कशी चुकतील!"

जीव भांड्यात पडला. एकोणीस पोरांवर कॉपीचा ठपका बसला असता. माझ्या एका शब्दामुळे, न वाचलेल्या.

२१ मार्च, शुक्रवार

पाकिटातला आकडा बदलला. खाली लेखी कारण, माझी सही, मॅडमची सही. माझ्या नावावर चूक नोंदली गेली, बावीस वर्षांतली पहिली. यापुढे माझंही द्रावण तपासूनच जाणार. गर्वाचं घर खाली, म्हणतात ना, ते हे.

कारकून म्हणालाच — "काय काका, घरच्यांसाठी का?" म्हटलं, हो, एकोणीस घरच्यांसाठी.

आश्चर्य म्हणजे वाईट वाटत नाहीये. उलट हलकं वाटतंय. येताना बाजारातून पाव किलो पेढे घ्यावेसे वाटले, पण निकाल अजून लागायचाय. साखर मात्र घेतली, दोन किलो. करू देत तिला प्रयोग.

२२ मार्च, शनिवार

गुण गेले. आता बोलायला मोकळे! जेवताना हिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बारीक पीठ, निर्जल, लवंग, फोन, सगळं. अगदी रंगवून सांगितलं.

"म्हणजे तुझे चौदा बरोबर होते!" म्हटलं. "एकोणीसच्या एकोणीस पास! आणि गंमत ऐक. विसावा एक बहाद्दर होता, त्याने म्हणे नेमके दहा लिहिले होते! परीक्षक त्यालाच पैकीच्या पैकी देऊन बसले होते. आता त्याचा भोपळा! कुठून काढले कुणास ठाऊक, ठोकून दिले असणार. असल्यांची हीच गत व्हायला पाहिजे!"

मी एकटाच हसत होतो. ही गॅस बघून येते म्हणून उठली. गॅस बंदच होता. दमली असेल, आठवडाभर तिलाही ताण होताच.

२३ मार्च, रविवार

ते दहा हिचे होते.

चौदाच आले होते. तिन्ही वेळा, थेंबाचाही फरक नाही. तिन्ही खोडले आणि दहा लिहिले. सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं, माझ्याकडे न बघता. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणायला सांगितलाय.

मी विचारलं, हात कापला नव्हता, मग स्वतःवर भरवसा का नाही ठेवलास?

"तुमचं चुकलं असेल, हे मनातसुद्धा आलं नाही हो."